गॅलरीतली पहिली भाजी: नवख्यांसाठी

घरी भाजी लावायची ठरलं की बहुतेक जण आधी नर्सरी गाठतात आणि टोमॅटोची दोन रोपं घेऊन येतात. टोमॅटो हे नवख्याचं पीक नाही. त्याला भरपूर ऊन लागतं, पाण्याचा नेम लागतो, काठीचा आधार लागतो. त्यावर रोगही लवकर पडतात. तीन महिने सांभाळून पाच-सहा फळं हाती आली की उत्साह मावळतो आणि कुंड्या माळ्यावर जातात. तेवढ्याच दिवसांत, तेवढ्याच जागेत मेथी तीनदा निघाली असती. म्हणून इथे क्रम असा ठेवला आहे: आधी ऊन बघायचं, मग माती करायची, मग पालेभाजी. फळभाजीचा विचार हात थोडा बसल्यावर.

ऊन मोजा, मगच खर्च करा

सुट्टीच्या दिवशी खडू घ्या. सकाळी आठ, दहा, बारा, दोन आणि चार वाजता गॅलरीत जाऊन ऊन कुठपर्यंत आलंय तिथे फरशीवर रेघ मारा. संध्याकाळी कुठल्या कोपऱ्यात किती तास ऊन पडलं ते समोर दिसेल. उजेड आणि ऊन यांत गल्लत करू नका. पेपर वाचण्याइतका लख्ख उजेड असला तरी भेंडीच्या दृष्टीने तो अंधारच.

तीन-चार तास ऊन मिळत असेल तर पालेभाज्या होतात. मिरची, वांगी, भेंडी, टोमॅटो यांना किमान पाच-सहा तास हवेत. पूर्वेची गॅलरी पालेभाजीला उत्तम, कारण सकाळचं ऊन मिळतं आणि दुपारचा तडाखा चुकतो. पश्चिमेकडे उलटं, तिथे मार्च ते मे हिरवी शेडनेट लावावीच लागते. दक्षिणेच्या गॅलरीची गंमत अशी, की हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असल्यामुळे ऊन पार दारापर्यंत येतं आणि मे महिन्यात कठड्यावरच अडतं. त्यामुळे तिथला खरा हंगाम ऑक्टोबर ते फेब्रुवारी. उत्तरेकडची किंवा समोरच्या इमारतीने झाकलेली गॅलरी असेल तर पुदिना, गवती चहा, अळू यांवर समाधान माना. अळू पूर्वी मोरीच्या सांडपाण्यावर, घराच्या मागच्या सावलीत वाढायचंच. ओल मिळाली की त्याची तक्रार नसते.

भांडी आणि वजनाचा हिशेब

भांडं कुठलंही चालतं: रंगाची बादली, तेलाचा डबा, फळांचा प्लास्टिकचा क्रेट, थर्माकोलचं खोकं, ग्रो बॅग. महत्त्वाच्या गोष्टी दोनच. तळाला भोकं हवीत, आणि खोली पिकाला पुरेल इतकी हवी. मेथी, पालक, कोथिंबीर, माठ यांना ६ ते ८ इंच खोली पुरते, पण भांडं पसरट हवं. मिरचीला १० ते १२ इंच. टोमॅटो आणि वांग्याला १२ ते १४ इंच, आणि एका कुंडीत एकच रोप. दुधी, दोडका, कारलं यांना दीड फूट तरी.

आता वजन. १२ इंच व्यासाची आणि तेवढ्याच उंचीची ग्रो बॅग भरली की त्यात साधारण २० लिटर माती मावते आणि पाणी दिल्यावर ती २० ते २५ किलो भरते. अशा वीस पिशव्या म्हणजे चार-पाच क्विंटल. जुन्या इमारतीच्या पुढे आलेल्या गॅलरीत एवढा भार टाकण्याआधी सोसायटीला आणि जमल्यास एखाद्या इंजिनिअरला विचारा. पिशव्या कठड्याकडे न ठेवता भिंतीच्या कडेने, घराच्या बाजूला ठेवा. गच्चीवर विटांवर किंवा लोखंडी स्टँडवर ठेवल्या तर खालची फरशी वाळती राहते. गळतीवरून खालच्या मजल्याशी भांडण झालं की बाग बंद पडते, कीड परवडली.

वजन कमी करायचा जुना उपाय म्हणजे उसाची चिपाडं. रसवंतीवाला ती फुकटसुद्धा देतो. मात्र ताजी वापरू नका, मुंग्यांची रांग लागते. चार-पाच दिवस कडक उन्हात वाळवून, तोडून, कुंडीचा खालचा एक तृतीयांश भाग त्यांनी आणि सुक्या पाल्याने भरायचा, वर माती. सहा महिन्यांत चिपाडं कुजून माती खाली बसते, तेव्हा वरून नवी भर घालायची. कोल्हापूरचे शेतीत प्रयोग करणारे श्री. अ. दाभोळकर आणि त्यांच्या 'प्रयोग परिवार' या गटाने पालापाचोळ्यातून माती घडवण्याचा विचार महाराष्ट्रात रुजवला. आज गच्चीवर बाग करणारे अनेक जण कळत-नकळत त्याच वाटेने जातात.

माती

घाई इथे करायची नाही. बिल्डिंगच्या आवारातली माती बहुतेक वेळा बांधकामाचा राडारोडा असते, तिला हात लावू नका. देशावरची काळी माती कुंडीत एकटी वापरली तर पाणी घालताच चिकट होते आणि वाळली की भेगा पडून कडेने सुटते. मग घातलेलं पाणी कडेनेच निघून जातं आणि मुळं कोरडी राहतात. कोकणातल्या तांबड्या मातीत पाणी आणि खत दोन्ही टिकत नाही. कुठलीही असो, तिच्यात भर घालावी लागते.

सोपं प्रमाण: दोन भाग माती (मिळाली तर पोयट्याची), एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा. दर कुंडीला मूठभर निंबोळी पेंड. गॅलरीला वजन सोसणार नसेल तर तिन्ही सारख्या भागांत घ्या. कोकोपीटची वीट पाण्यात भिजवली की चांगलीच फुगते. ते पाणी पिळून टाका आणि एकदा साध्या पाण्याने धुवा. नारळाच्या काथ्यात क्षार असतात, ते निघून जातात.

शेणखत हातात घेऊन वास घ्या. शेणाचा वास आला, हाताला गरम लागलं तर ते कच्चं आहे आणि मुळं जाळेल. कुजलेलं खत काळपट, भुसभुशीत असतं, आणि पावसानंतरच्या मातीसारखा वास येतो. चाळताना पांढऱ्या, जाड, अर्धगोल वळलेल्या अळ्या दिसल्या तर ती हुमणी. वेचून काढा. ती कुंडीत राहिली तर मुळं खाते आणि रोप का वाळलं ते कुणालाच कळत नाही.

मिश्रण झाल्यावर ओलसर करून मुठीत दाबा. गोळा झाला आणि बोट लावताच फुटला की माती जमली. गोळा तसाच राहिला तर कोकोपीट किंवा थोडी वाळू वाढवा. आठ-दहा दिवस सावलीत अधूनमधून पाणी शिंपडून ठेवली तर आणखी छान.

कधी सुरू करायचं

पहिल्यांदाच लावत असाल तर दसऱ्यापासून दिवाळीपर्यंतचा काळ निवडा. पाऊस ओसरलेला असतो, ऑक्टोबरचा चटका उतरत जातो आणि पुढचे चार महिने जवळजवळ सगळ्या भाज्यांना मानवतात. मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा, टोमॅटो, वांगी हे सगळं याच काळातलं.

पावसाळ्यात वेलवर्गीय भाज्या घ्याव्यात. कोकणात मिरगाला, म्हणजे ७ जूनच्या आसपास, काकडी, दोडका, पडवळ यांच्या बिया टोचतात ते उगाच नाही. भेंडी, गवार, चवळीही तेव्हा येते. पण मुंबई-कोकणात पावसाचा मारा थेट कुंडीवर होत असेल तर खत धुऊन जातं. कुंडी पत्र्याच्या किंवा प्लास्टिकच्या आडोशाला सरकवा. उन्हाळ्यात भेंडी, गवार, चवळी आणि माठ टिकतात. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात टोमॅटोला फुलं आली तरी ती गळतात. त्यात तुमचं काही चुकलेलं नसतं. पारा ३५ अंशांच्या वर राहिला की फळ धरायचं कमी होतं.

पहिलं पीक: पालेभाजी

मुंबईत बाजारात समुद्रमेथीच्या, म्हणजे अगदी कोवळ्या मेथीच्या, इवल्या जुड्या मिळतात. तीच पहिल्यांदा लावा. घरातले मेथीदाणे रात्रभर भिजवा, ६ इंच खोल ट्रेमध्ये दाट पेरा, वर बोटाच्या पेराच्या निम्म्याइतकी माती भुरभुरवा. तीन-चार दिवसांत कोंब वर येतात आणि दोन आठवड्यांत मुळासकट उपटून धुऊन भाजी करता येते. पेरायचं, पाणी द्यायचं, उपटायचं या सगळ्याचा एक फेरा एवढ्या थोड्या दिवसांत बघायला मिळतो. मोठ्या पानांची मेथी हवी असेल तर विरळ पेरा आणि २५ ते ३० दिवस थांबा. एक फूट बाय दीड फुटाच्या ट्रेमधून बाजारातल्या एका जुडीएवढी मेथी निघते. घरची भाजी पूर्ण भागेल अशी अपेक्षा आत्ताच सोडून दिलेली बरी.

कोथिंबिरीपाशी बहुतेक जण अडतात. धण्याचा जो गोल दाणा दिसतो त्यात दोन बिया असतात. तो तसाच पेरला तर उगवण कमी आणि उशिरा होते. पोळपाटावर धणे पसरा आणि त्यांवरून लाटणं हलकं फिरवा, इतकंच की दाणा दोन भागांत सुटेल, चुरा होणार नाही. मग फुंकर मारून टरफलं उडवा, दाणे रात्रभर पाण्यात ठेवा, सकाळी निथळून पेरा. वर अर्धा-पाऊण सेंटिमीटर माती. उगवायला आठ ते बारा दिवस लागतात आणि तेवढ्यात धीर सुटून बहुतेक जण ट्रे उकरून बघतात. उकरू नका. ओलं गोणपाट किंवा सुती फडकं झाकून ठेवा, कोंब दिसताच काढा. किराणा दुकानातले धणे चालतात, फक्त जुने नकोत. ४० दिवसांच्या आसपास कापणीला येते. एप्रिलमध्ये पेरली तर पानं धरण्याआधी फुलोऱ्यावर जाईल, तेव्हा उन्हाळ्यात तो नाद नको.

पालक आणि माठ कापून घ्यायच्या भाज्या, उपटायच्या नाहीत. पालक ३५ ते ४० दिवसांनी पहिल्यांदा कापायचा, बुडाशी दोन इंच ठेवून. मधले कोवळे पान शाबूत राहिलं तर दोन आठवड्यांनी पुन्हा कापता येतो, असे तीन-चार तोडे निघतात. माठाचं बी फार बारीक असतं. मूठभर वाळूत मिसळून पेरा, आणि ट्रेच्या कडेने हळद टाका, नाहीतर मुंग्या बी उचलून नेतात.

मायाळूला लोक विसरलेत. बाजारातून आणलेल्या जुडीतली जाडसर काडी पानं खुडून मातीत खोचली तरी लागते, दोरीवरून वर चढते, अर्धवट उन्हातही पानं देत राहते. तिची भजीही होतात आणि डाळ घालून भाजीही. पहिल्या वर्षी घरात एक वेल असावाच.

मग फळभाजी

सुरुवात मिरचीपासून. एक-दोन रोपं घरच्या फोडणीला पुरतात आणि नीट राखली तर ती वर्षभरही देतात. मिरची, वांगी, टोमॅटो यांची रोपं आधी तयार करून मग लावतात. बियांपासून मिरचीचं रोप लावण्याजोगं व्हायला ३५ ते ४५ दिवस जातात. नवख्याने रोपवाटिकेतून ट्रेमधलं रोप आणणंच शहाणपणाचं. फुलं-फळं लागलेलं मोठं रोप घेऊ नका. बोटभर उंच, जाड खोडाचं, पानांमागे पांढरे ठिपके नसलेलं घ्या आणि संध्याकाळी लावा. टोमॅटोचं खोड खालच्या पानांपर्यंत मातीत गाडलं तर त्याला खोडावरही मुळं फुटतात. मिरची आणि वांगं मात्र ट्रेमध्ये जितकं खोल होतं तितकंच.

भेंडी, गवार, चवळी यांचं बी थेट कुंडीतच टोचतात. भेंडीचं बी रात्रभर भिजवलं की लवकर उगवतं. ४५ ते ५० दिवसांत पहिली भेंडी तोडता येते आणि मग दर दोन दिवसांनी तोडावीच लागते, नाहीतर ती जून होते आणि झाड नवी फुलं द्यायचं कमी करतं. आठ-दहा झाडं असतील तर दोन-तीन दिवसांची भेंडी मिळून जेमतेम पावशेर होते. चौघांच्या घरात एका वेळची भाजी. दोन झाडं लावणाऱ्याने ती सांबारात घालावी. भेंडीवर पानांच्या शिरा पिवळ्या करणारा हळद्या रोग सगळीकडे दिसतो. तो कमी यावा म्हणून परभणीच्या कृषी विद्यापीठाने काढलेला 'परभणी क्रांती' किंवा बेंगळुरूच्या बागायती संशोधन संस्थेचा 'अर्का अनामिका' हे वाण मागा. पाकिटावर 'सुधारित' लिहिलेलं असेल तर पुढच्या वर्षासाठी स्वतःचं बी धरता येतं. 'संकरित' असेल तर धरलेल्या बियांतून तसंच झाड येईल याची खात्री नसते. बियांना गुलाबी किंवा निळा रंग असेल तर त्यांवर औषध चोळलेलं आहे. पेरल्यावर हात धुवा आणि उरलेलं बी स्वयंपाकघरात ठेवू नका.

वेलांना आधी नुसती नर फुलं येतात, तेव्हा घाबरू नका. मादी फुलाच्या मागे इवलासा दुधी किंवा काकडी लागलेली दिसते, नर फूल नुसत्या देठावर असतं. उंच मजल्यावर मधमाश्या फिरकल्या नाहीत तर तो इवला दुधी पिवळा पडून गळतो. अशा वेळी नर फूल तोडायचं, पाकळ्या काढायच्या आणि मधला पिवळा भाग मादी फुलाच्या मध्यावर हलक्या हाताने टेकवायचा. काकडी, कारलं, भोपळा यांचं हे काम सकाळी. दुधीची पांढरी फुलं संध्याकाळी उमलतात, त्यामुळे त्याचं दिवेलागणीला.

पाणी

कुंडीतली झाडं मरतात ती बहुतेक वेळा जास्त पाण्याने. रोज ठरलेल्या वेळी तांब्या ओतायची सवय लावून घेऊ नका. बोट दोन पेरं मातीत घाला. ओल लागली तर आज पाणी नाही. डिसेंबरात दिवसाआड पुरतं, मे महिन्यात दिवसातून दोनदा लागतं. सकाळी द्या. उन्हाळ्यात दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी चटका बसेल इतकं तापलेलं असतं, ते मुळांवर ओतू नका. मातीवर सुक्या पाल्याचं बोटभर आच्छादन घातलं तर पाणी निम्म्यावर येतं.

नुकत्याच उगवलेल्या मेथी-पालकाला धार सोडली तर रोपं आडवी होतात. बाटलीच्या झाकणाला सुईने भोकं पाडा, ती झारी झाली. कोवळी रोपं बुडाशी काळी पडून कोलमडत असतील तर ओल फार आहे आणि पेरणी दाट आहे.

टोमॅटोच्या फळाचं बूड काळं पडून खोल जात असेल तर ती कीड नाही. कधी कोरडं, कधी तुडुंब असं पाणी दिल्याने झाडाला कॅल्शियम ओढून घेता येत नाही. अंड्याची टरफलं टाकायचा सल्ला सगळे देतात. ती मातीत विरघळायला महिने लागतात, तोवर हंगाम उरकतो. पाण्याचा नेम लावा.

कुंडीखालच्या बशीत पाणी साचू देऊ नका. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो. आठवड्यातून एकदा बशा रिकाम्या करून घासून कोरड्या करा.

खत

लावल्यापासून महिन्याने सुरू करा. दर पंधरा दिवसांनी कुंडीला मूठभर गांडूळखत, वरची माती खुरप्याने हलकी उकरून. फुलं यायला लागली की शेंगदाणा पेंड तीन-चार दिवस पाण्यात भिजवून, दसपट पाणी घालून द्यावी. वास येतो, शेजाऱ्यांची जेवणाची वेळ टाळा. केळीच्या सालीचं पाणी, तांदळाचं धुवण, चहाचा चोथा यांबद्दल व्हॉट्सअ‍ॅपवर जे फिरतं त्याने नुकसान फारसं नाही आणि फायदाही फारसा नाही. चहाचा चोथा घालायचाच तर दूध-साखर धुऊन. ही सालं आणि चोथा सुक्या पाल्यासोबत झाकणाच्या बादलीत कुजवून खत केलं तर मात्र त्यांचं सोनं होतं.

कीड

रोज सकाळी पानं उलटी करून बघा. अर्धी लढाई तिथेच जिंकता येते. कोवळ्या शेंड्यावर हिरव्या-काळ्या बारीक किड्यांची गर्दी म्हणजे मावा. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने जातो. देठांच्या बेचक्यात कापसासारखे पुंजके म्हणजे पिठ्या ढेकूण. जुन्या टूथब्रशने साबणाच्या पाण्यात घासून काढा. पानावर पांढऱ्या वेड्यावाकड्या रेघा नागअळीच्या. ती पानं खुडून टाका. मिरचीची पानं आकसून वळली की त्याला बोकड्या म्हणतात. पानं वरच्या बाजूला वळली असतील तर बहुधा फुलकिडे, खालच्या बाजूला वळली असतील तर कोळी नावाची अगदी बारीक कीड. शेंडा खुडा आणि फवारणी करा. नवीन पालवीही तशीच येत राहिली तर रोप उपटून कचऱ्यात, खताच्या बादलीत नाही.

फवारणीला एक लिटर कोमट पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि भांड्यांच्या साबणाचे चार-पाच थेंब पुरतात. साबण नसेल तर तेल वर तरंगतं आणि पान जळतं. फवारणी संध्याकाळी, पानांच्या खालूनही, आठवड्याने पुन्हा. भर उन्हात कधीच नाही. तोडायच्या आदल्या दिवशी पालेभाजीवर फवारू नका, भाजी कडू लागते.

कबुतरांवर फवारणी चालत नाही. पेरलेल्या ट्रेवर जाळी बांधा. चमकत्या सीडीला ती दोन दिवसांत सरावतात.

हंगाम संपल्यावर

मार्च-एप्रिलमध्ये झाडं थकली की ती मुळासकट काढा आणि कुंडीतली माती गच्चीवर पातळ पसरून आठ-दहा दिवस कडक उन्हात तापू द्या. त्यातल्या अळ्या, अंडी आणि बुरशी बऱ्याच मरतात. मग मुळांचे तुकडे चाळून काढा, एक चतुर्थांश नवं खत आणि मूठभर निंबोळी पेंड मिसळून पुन्हा भरा. माती फेकायची नसते, दुसऱ्या वर्षी ती पहिल्या वर्षीपेक्षा चांगली होते. फक्त टोमॅटो, वांगी, मिरची ज्या कुंडीत होती तिच्यात लगेच त्यांपैकी काही लावू नका. तिघींचं कूळ एक, रोगही सामायिक. तिथे चवळी किंवा गवार टोचा. मे महिन्यात गावी जाणार असाल तर कुंड्या सावलीत एकत्र सरकवा, आच्छादन दुप्पट करा आणि चावी देताना शेजाऱ्यांना बोट घालून ओल बघायला शिकवून जा, नाहीतर ते प्रेमाने रोज बादलीभर पाणी घालतात.